"बापावर गेलाय": रक्तात नक्की काय उतरतं?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. पंधरा दिवस एक प्रश्न डोक्यातनं जात नाही, म्हणून हा धागा काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा भाचा चौदा वर्षांचा. बहीण आणि तो गेली चार वर्षं आमच्याकडंच असतात. मेव्हणे दारूनं गेले. शेवटी पोट फुगलं होतं, डोळे हळदीसारखे झाले होते, आणि पोरानं ते सगळं जवळनं बघितलंय.

दिवाळीनंतर गावात एका घरी वास्तुशांती होती. पंगतीत पाणी वाढताना कुणीतरी याला चिडवलं आणि यानं हातातला तांब्या फरशीवर आपटला. चौदा वर्षांच्या पोराचा राग, दुसरं काय? पण आमची आत्ती शेजारच्या बाईला मोठ्यानं म्हणाली, "बापावर गेलाय बघ. तोच हात, तेच डोळे. रक्त कुठं जातंय?" चार-पाच जणींनी माना हलवल्या. पोरानं तांब्या उचलला, सांडलेलं पाणी पुसलं आणि न जेवता घरी आला.

रात्री मी कट्ट्यावर बसलो होतो. शेजारी येऊन बसला. बराच वेळ अंगठ्यानं माती उकरत होता. मग म्हणाला, "मामा, मीपण पिणार काय ओ?"

मी म्हटलं, "छे, असं कुठं असतंय." तर म्हणतो, "विज्ञानाच्या पुस्तकात आहे की. आईबापाचे गुण पोरात येतात."

मला उत्तर देता आलं नाही. मी पतसंस्थेत कारकून आहे, हा विषय माझा नाही. मग रात्री जागून मोबाईलवर वाचत बसलो. १९७३ साली प्रसिद्ध झालेला डेन्मार्कमधला एक अभ्यास सापडला. जन्मल्यावर सहा आठवड्यांच्या आत आईबापापासून दूर झालेले आणि परक्या घरी दत्तक वाढलेले मुलगे. ज्यांच्या जन्मदात्यांपैकी एकाला दारूचं व्यसन होतं, त्यांच्यातले १८ टक्के पुढं स्वतः व्यसनी झाले. ज्यांच्या जन्मदात्यांना व्यसन नव्हतं, त्यांच्यात ५ टक्के. बाप डोळ्यांनीसुद्धा न बघितलेली पोरं, आणि तरी साडेतीन पटीच्या वर. हे वाचून माझ्या हातापायातलं बळ गेलं. म्हणजे आत्ती बरोबर बोलली काय?

तुमच्यात डॉक्टर आहेत, मास्तर-बाई आहेत, शेतकरी आहेत. रक्ताचं किती आणि घराचं, गावाचं, संगतीचं किती, हे जे माहीत असेल ते सांगा. पोराला खोटं सांगायचं नाही, आणि घाबरवायचंही नाही.


तिसरं_गेट (टिळकवाडी)

मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुम्ही वाचलेला अभ्यास खरा आहे. पण टक्केवारी बाजूला ठेवून त्यातली माणसं मोजा. व्यसनी जन्मदात्याचे एकूण ५५ मुलगे होते, त्यातले १० व्यसनी झाले. दुसऱ्या गटात ७८ होते, त्यातले ४ झाले. आत्तीबाईंच्या हिशेबानं पंचावन्नच्या पंचावन्न व्हायला हवे होते. ही मंडळी तेव्हा तिशीच्या आसपास होती आणि अभ्यास लहान होता, हेही ध्यानात ठेवा. नंतरच्या मोठ्या अभ्यासांतही आनुवंशिकतेचा वाटा दिसतोच, तो लपवायचं कारण नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथंच शिकलेली माणसंसुद्धा चुकतात. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरतात. याचा अर्थ तुमच्या भाच्याला पन्नास टक्के धोका आहे असा होत नाही. एखाद्या समाजात कुणी व्यसनी होतो, कुणी होत नाही. माणसामाणसांतल्या या फरकापैकी निम्मा फरक जनुकांतल्या फरकाशी जुळतो, एवढंच तो आकडा सांगतो. तो समाजाचा असतो, एका पोराचा नसतो. आणि समाज बदलला की तोही बदलतो. ज्या गावात दारूच मिळत नाही तिथं कुणाची जनुकं कशी, याला काही अर्थच उरत नाही.

जपानचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांत एका जनुकाचं असं रूप असतं की दारूचा एक घोट पोटात गेला तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळतं. साहजिकच अशी माणसं पिण्यापासून लांब राहतात. जपानमधल्या व्यसनी रुग्णांत हे रूप असलेली माणसं १९७९ साली अवघी अडीच टक्के होती. १९८६ मध्ये ८ टक्के झाली, १९९२ मध्ये १३. तेरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. बदलल्या त्या ऑफिसनंतरच्या बैठका, आग्रह, दुकानं. शरीर नको म्हणत असतानाही माणसं प्यायला शिकली. आता हेच उलट्या बाजूनं बघा. शरीरात ओढ असली तरी घर आणि गाव माणसाला धरून ठेवू शकतात.


येळ्ळूरचा_शेतकरी (येळ्ळूर)

माझं शिक्षण दहावी, पण भाताचं कळतं म्हणून लिहितो.

आमच्या येळ्ळूर-शहापूर-वडगाव शिवारातली बासमती सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी एका घरी भात शिजला की गल्लीत कळायचं. माझ्या थोरल्या बहिणीला तिकडं सांगली भागात दिली. तिनं माहेरची आठवण म्हणून इथलं बी नेलं. मीच पिशवी बांधून दिली होती, आमच्याच खळ्यावरचं. तिकडं उगवलं, वाढलं, लोंब्या चांगल्या धरल्या. शिजवला, तर वास नावापुरता. बहीण फोनवर रडायलाच लागली, म्हणाली बी बदललं काय तुम्ही? बी तेच. मग पुढच्या वर्षी तिच्या रानातलंच बी थोडं परत आणून मी आमच्या काळ्या रानात धूळवाफेवर पेरलं. वास आला. पहिल्यासारखा नाही, पण आला.

तेव्हापासून मला वाटतं, बियाण्यात वास असतो म्हणजे वास यायची सोय असते. बाकीचं माती, पाणी आणि कार्तिकातली थंडी करते.

दुसरी बाजूपण सांगतो. त्याच रानात, त्याच थंडीत मी दुसरं संकरित बी लावलं तर वास येणार नाही. दहा वर्षं लावा. म्हणून बी काहीच नाही असं म्हणणाऱ्याला मी शेतकरी म्हणणार नाही.


तिसरं_गेट (टिळकवाडी)

@येळ्ळूरचा_शेतकरी, तुमच्या बहिणीच्या भाताचं शास्त्र जवळजवळ तुम्ही सांगितलंत तसंच आहे. भाताच्या आठव्या गुणसूत्रावर बीएडीएच२ नावाचं जनुक असतं. ते धड असेल तर वासाचा पदार्थ साठत नाही. जगातल्या बहुतेक सुवासिक भातांत या जनुकातली आठ अक्षरं गळालेली असतात, म्हणून ते काम करत नाही आणि वास साठतो. म्हणजे वास हा जनुकातल्या तुटीतून येतो. पण दाणा भरताना हवा गरम असली तर तेच बी वास कमी देतं, गारवा असला तर जास्त. बिनवासाच्या बियाला गारव्यात ठेवून वास येत नाही, हेही तुमचं बरोबर.

मला कुणी विचारलं की बी किती टक्के आणि हवा किती टक्के, तर एका लोंबीबद्दल मी सांगू शकणार नाही. दोन्ही असल्याशिवाय वासच नाही.


मेहनत_जोर (शहापूर)

डॉक्टरांचा मान ठेवून थोडं वेगळं बोलतो. मी तालमीत वाढलो, आता पोरं शिकवतो. एकाच खुराकावर, एकाच मातीत, पहाटे चारला उठून दोन पोरं जोर मारतात. एकाची छाती वर्षात भरते, दुसरा तीन वर्षांनी तेवढाच. पैलवानाच्या पोराची मान हातात धरली की कळतं. आनंदवाडीच्या आखाड्यात मी कितीतरी बापलेक बघितलेत. रक्त लागतंच. हे बोलायला आजकाल लोक कचरतात, मी कचरत नाही.

भाच्याबद्दल मात्र सांगतो. त्याला तालमीत घाला. राग आहे ना, त्याला मातीत काम मिळू दे.


सूर_साधना (अनगोळ)

मेहनत_जोर, शरीराबद्दल तुमचं बरोबर असेल. पण गाण्यात मी काय बघते ते सांगते. मी तीस वर्षं पेटी आणि गाणं शिकवते. पालक पहिल्याच दिवशी सांगतात, "आमच्या घरात कुणी गात नाही, हिला येईल का?" हा प्रश्न ऐकला की मला वाईट वाटतं, कारण मूल शेजारीच उभं असतं.

आपल्याकडं गाण्याच्या परंपरेलाच घराणं म्हणतात. शब्द घराचा, रक्ताचा. पण अल्लादिया खाँसाहेबांचं घराणं घ्या. खाँसाहेब कोल्हापूर दरबारी होते. त्यांचे मुलगे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ गायले, हे रक्तानं झालं म्हणू. पण ते गाणं पुढं कुणी नेलं? केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर. मन्सूर तर धारवाडजवळच्या मन्सूर गावचे, १९१० साली कन्नड घरात जन्मलेले. आधी नीलकंठबुवा मिरजकरांकडं शिकले, मग मंजी खाँकडं, ते गेल्यावर भुर्जी खाँकडं. खाँसाहेबांशी ना रक्ताचं नातं, ना धर्माचं, ना मातृभाषेचं. गुरूसमोर बसून मिळवलं.

आणि आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीला १९२४ साली शिवपुत्र कोमकली जन्माला आले, म्हणजे आपले कुमार गंधर्व. ते मात्र माझ्याच म्हणण्याला अडचण करतात. शिकायच्या आधीच मोठमोठ्या गवयांची गाणी जशीच्या तशी गाऊन दाखवायचे. हे शिकवून येत नाही, मला मान्य आहे. पण अकराव्या वर्षी मुंबईला देवधर मास्तरांकडं पाठवलं नसतं, तर नक्कल करणारा एक चलाख मुलगा म्हणून किती दिवस टिकले असते? असे किती शिवपुत्र आपल्या खेड्यांत कुणी न पाठवल्यामुळं राहून गेले असतील, याची मोजदाद कोण करणार?


तिसरं_गेट (टिळकवाडी)

@मेहनत_जोर, उंचीबाबत तुमचं म्हणणं भक्कम आहे. पोटभर खाणाऱ्या समाजात माणसामाणसांच्या उंचीतला सुमारे ऐंशी टक्के फरक आनुवंशिक असतो. २०२२ साली पन्नास लाखांहून जास्त माणसांची जनुकं तपासली, तेव्हा उंचीशी निगडित अशा बारा हजारांवर जागा सापडल्या. एक जनुक नाही, बारा हजार जागा, प्रत्येकीचा वाटा केसाएवढा. वागणुकीचंही असंच असतं. "दारूचं जनुक" असं एकटं काही नसतं.

आणि त्याच उंचीचं दुसरं टोक: दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत वीस सेंटीमीटरनं वाढली. रक्त तेच, पानातलं वाढलं, लहानपणची आजारपणं कमी झाली. तुमच्या दोन पोरांत तुम्हाला दिसतो तो फरक रक्ताचा असेल, कारण खुराक तुम्ही सारखा केलात. पण आजच्या पोरांची आणि त्यांच्या पणजोबांची तुलना केली तर उत्तर वेगळं येईल.


दांडेली_रस्ता (खानापूर तालुका)

तालमीचा विषय निघाला म्हणून. आमच्या बाजूच्या जंगलात, खानापूरपासून हल्याळ, यल्लापूरपर्यंत सिद्दी लोकांची गावं आहेत. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून आणलं गेलं, बरेचसे पोर्तुगीजांच्या काळात, गुलाम म्हणून. आज ते कोकणी वळणाची बोली बोलतात, कन्नड आणि मराठीही बोलतात.

१९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणानं त्यांच्यातली मुलं निवडून प्रशिक्षणाला नेली. विचार असा की आफ्रिकी रक्त आहे, म्हणजे पळणार. काही पोरं खरंच चमकली, राष्ट्रीय पातळीवर गेली. पण १९९३ मध्ये योजना बंद केली आणि पोरं घरी परतली. घरी ना मैदान, ना बूट, ना कोच.

मला यात दोन चुका दिसतात. एक, आफ्रिका म्हणजे जणू एकाच साच्यातली माणसं. माणसांतली सगळ्यात जास्त जनुकीय विविधता आफ्रिकेतच आहे. लांब पल्ल्याचे विक्रम करणारे बरेच धावपटू केनिया-इथिओपियाच्या उंच पठारांवरचे, तर सिद्दींचे पूर्वज बहुतांशी बांटू भाषा बोलणाऱ्या मुलखांतले. दुसरी चूक जास्त दुखवणारी. रक्तात आहे म्हटल्यावर बाकीचं आपोआप होईल असं धरलं, आणि पाच-सहा वर्षांत हात काढून घेतला. चांगल्या अर्थानं "रक्तात आहे" म्हटलं तरी पोरांचं नुकसान होतंच.


निपाणीची_बाई (निपाणी)

मी कर्णबधिर मुलांना बावीस वर्षं शिकवते. या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

आपल्या सीमाभागात मामा-भाचीची आणि मामेबहिणीशी लग्नं किती होतात ते तुम्हाला सांगायला नको. जमीन घरात राहते, पोरगी ओळखीच्या घरात पडते, त्यामागं मायाही असते. चिकोडी तालुक्यातलं एक घर. नवरा-बायको मामा-भाची. तीन मुलं, त्यातली दोन जन्मतः ऐकू न येणारी. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा सासू चुलीपुढं बसून सांगत होती, "आमच्यात असलं कुणी न्हाई ओ बाई. हिच्या बापाच्या घराण्याची खोट ही." आता बघा, ती सासू म्हणजे त्या सुनेची सख्खी आजी. सुनेच्या अंगात निम्मं रक्त तिच्याच लेकीचं. आणि सून मान खाली घालून भाकरी थापत होती.

मी पिशवीतनं खडू काढला आणि त्याच जमिनीवर आकृती काढून दाखवली. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडं दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. अशा बहिरेपणात एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम चालवते, माणसाला उत्तम ऐकू येतं. तो बिघाड आजीकडनं लेकीला आणि लेकाला, लेकीकडनं नातीला असा गुपचूप चालत राहतो. मग लेक आणि नात यांचंच लग्न लागलं आणि दोघांकडं तीच बिघडलेली प्रत असली, तर दर बाळंतपणात चारात एक वेळा मुलाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतात. मामा-भाचीची पाव जनुकं एकाच पूर्वजांकडनं आलेली असतात, मामेबहीण-आतेभावाची आठवा हिस्सा. आपल्या देशात अशा बहिरेपणात बऱ्याचदा सापडतं ते जीजेबी२ नावाचं जनुक, कानाच्या आतल्या भागात लागणारं एक प्रथिन बनवणारं. म्हणजे ही खोट सुनेची एकटीची असूच शकत नव्हती. दोन्हीकडनं आली होती, आणि बहुतेक त्या म्हातारीच्याच नाहीतर तिच्या नवऱ्याच्या अंगातनं. म्हातारी कितीतरी वेळ त्या खडूच्या रेघांकडं बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसले आणि सुनेला म्हणाली, "ऊठ, तू जेव आधी."

आता धाग्याच्या प्रश्नाकडं येते. त्या घरातली थोरली मुलगी माझ्याकडं आली तेव्हा सहा वर्षांची होती. तोवर घरच्यांना वाटत होतं, उशिरा बोलेल. धाकट्याची तपासणी मात्र थोरलीमुळं आठव्या महिन्यातच झाली, लगेच श्रवणयंत्र मिळालं, नंतर कानात यंत्र बसवायची शस्त्रक्रियाही झाली. आज धाकटा आजीशी मराठी बोलतो, मित्रांशी कन्नड. थोरली खुणांच्या भाषेत बोलते. तीही पुरी भाषा आहे आणि पोरगी फार हुशार आहे, पण पहिली सहा वर्षं तिला कुठलीच भाषा मिळाली नाही, आणि ती वर्षं मी बावीस वर्षांच्या अनुभवानंसुद्धा भरून देऊ शकले नाही. जनुक एकच, आईबाप तेच, चूल तीच. फरक पडला तो पाच-सव्वापाच वर्षांचा.

कानाचं आणि भाषेचं वय किती लवकर सरतं ते सांगते. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर यांनी प्रयोग केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या "त" आणि "ट"मधला फरक कळायचा, जो त्यांच्या आईबापांना कळत नव्हता. दहा-बारा महिन्यांची झाल्यावर त्याच घरांतल्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला. जन्मताना आपलं प्रत्येक मूल जगातली कुठलीही भाषा शिकायला तयार असतं. मग घरात जे कानावर पडतं ते राहतं.

थोडं अवांतर, पण मनापासून. आपण बेळगावकडची माणसं मराठी आमच्या रक्तात आहे असं म्हणतो. मीही म्हणत आले. पण रक्तात असती तर परगावी वाढलेल्या माझ्या भावाच्या नातवंडांना माझं पत्र वाचता आलं असतं. ती रक्तात उतरत नाही, म्हणूनच रोज बोलून, वाचून, झोपताना गोष्ट सांगून द्यावी लागते. वर्गातल्या ऐकू न येणाऱ्या पोरांनी मला हे शिकवलं.


गोकाक_रोड (हुक्केरी)

बाई, डोळ्यांत पाणी आलं.

माझी भर थोडीच. आमच्या घरात आजोबा, वडील, दोन काका, सगळ्यांना शुगर. मीही धरूनच चाललो होतो की मला होणारच, म्हणून खाण्यापिण्याचं बघितलंच नाही. चाळिशीत झाली. मग पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाबद्दल वाचलं. त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि बाळं अभ्यासली. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. पण आपली बाळं दिसायला किडकिडीत असली तरी अंगात चरबी त्या मानानं जास्त. आईच्या पोटात असताना तिच्या पानात काय पडलं, तिथपर्यंत हा धागा जातो. म्हणजे घरातली शुगर ही फक्त रक्ताची नव्हती, आज्या-पणज्यांच्या उपासमारीचीही असेल. मी "होणारच" म्हणून पंधरा वर्षं घालवली, त्याचं मला फार वाईट वाटतं.


एक_वाचक (बेळगाव)

इथं नेहमी वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

मी तो मुलगा आहे. माझे वडील पिऊन गेले. मलाही लहानपणी सगळे हेच म्हणायचे. जत्रेत, लग्नात, शाळेत. पंधराव्या वर्षी वडिलांच्याच बाटलीतलं उरलेलं प्यायलो. चव घाण होती. पण मनात आलं ते अजून आठवतं, की चला, आता वाट बघायची गरज नाही, जे व्हायचं होतं ते झालं. लोकांचं म्हणणं खरं करून मोकळा झालो. पुढं एकवीस वर्षं पीत होतो. गोव्याहून चोर्ला घाटानं येताना गाडीत बाटली नसेल असं कधी झालं नाही.

सोडून नऊ वर्षं झाली. एका सभेत जातो, तिथं सगळे माझ्यासारखेच. कुणी कुणाला बापावर गेलास म्हणत नाही. माझा थोरला भाऊ, सख्खा, तोच बाप, तेच घर, त्यानं आयुष्यात थेंब घेतला नाही. त्याला बापाची भीती वाटायची, मला बापाची कीव यायची. एवढाच फरक मला सापडतो. एका घरात वाढलो म्हणून आमची परिस्थिती एक नव्हती.

मलप्रभाकाठ, माझ्याकडून पोराला एवढं सांगा. अंगात ओढ असू शकते. माझ्या अंगात होती, पहिल्या दिवसापासून, बाकीची पोरं दोन पेल्यांनी थांबायची, मी थांबत नव्हतो. ती ओढ पहिला पेला घेईपर्यंत झोपलेली असते. त्याला कुणी आग्रह केला तर "माझ्या वडिलांना झेपत नव्हती, मी घेत नाही" असं सरळ सांगायला शिकवा. लाज वाटायचं काही कारण नाही त्यात.


तिसरं_गेट (टिळकवाडी)

@एक_वाचक, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तुम्ही लिहिलंत त्याला आकड्यांचाही आधार आहे. अमेरिकेतल्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, वयाच्या पंधरा वर्षांच्या आत प्यायला लागलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांवर लोक आयुष्यात कधीतरी व्यसनाधीन झाले. वयाच्या विसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास. यातला थोडा भाग असा असेल की ज्यांना ओढ जास्त तेच लवकर सुरू करतात. तरी आईबाप आणि मामा यांच्या हातात असलेली गोष्ट हीच आहे: पहिला पेला जितका लांब जाईल तितका लांब ढकलायचा, आणि अजिबात आला नाही तर उत्तम. भावाबद्दल तुम्ही म्हणालात ते संशोधकांनाही वारंवार दिसतं. एकाच छपराखाली दोन भावंडांची बालपणं वेगळी असतात.


मलप्रभाकाठ (खानापूर)

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोन वेळा वाचले. निपाणीच्या बाईंचा तर बहिणीला वाचून दाखवला.

काल संध्याकाळी भाच्याला घेऊन कट्ट्यावर बसलो. म्हटलं, तुझा प्रश्न मी टाळला होता, आज उत्तर देतो. डेन्मार्कचं सांगितलं. धोका जास्त आहे हेही सांगितलं, लपवलं नाही. एक_वाचक यांचं सगळं सांगितलं. पोरगा गप्प ऐकत होता. मग घरात गेला आणि वही-पेन्सिल घेऊन आला. म्हणाला, "डॉक्टर काय म्हणाले ते परत सांगा. पंचावन्नातले किती?" मी म्हटलं, दहा. त्यानं मांडलं, पंचावन्न वजा दहा. पंचेचाळीस. त्याच्याभोवती गोल केला. "हे पंचेचाळीस प्याले नाहीत?" मी म्हटलं, थोडीफार घेत असतील, पण बापासारखे झाले नाहीत. "आणि यांचेपण आईबाप तसलेच?" होय, म्हटलं. बराच वेळ तो त्या आकड्याकडं बघत होता.

मग म्हणाला, "बाबांचं दुसरं काय आलंय माझ्यात?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. आतनं बहिणीनंच उत्तर दिलं. म्हणाली, "पोहणं. मलप्रभेला पूर आला तरी एका दमात पलीकडं जायचे. तू चौथ्या दिवशी पोहायला शिकलास, विसरलास काय?" चार वर्षांत तिनं मेव्हण्यांबद्दल चांगलं असं पहिल्यांदाच काही बोललं माझ्यासमोर.

आत्तीशी अजून बोललो नाही. ती मोठी आहे, चारचौघांत सांगून तिचा अपमान करायचा नाही. रविवारी तिच्याकडं जाणार आहे, बाईंनी केलं तसं बसून, खडू घेऊन. पोराला तालमीत घालायचं का, ते त्यालाच विचारतो.


येळ्ळूरचा_शेतकरी (येळ्ळूर)

रविवारी आत्तीकडं जाऊन आलात की पुढच्या आठवड्यात पोराला घेऊन आमच्याकडं या. राजहंसगडाच्या पायथ्याला रान आहे, सुगी चालू आहे. कापणी अर्धी झाली, मसूर पेरायला रान मोकळं करतोय. दोन दिवस राहू दे त्याला. बहिणीच्या बियाचं भात वेगळं ठेवलंय, ते शिजवू आणि आमचं शिजवू. डोळे झाकून कुठलं कुठलं ते त्यानंच सांगायचं.